कॅसेटींचे पाठभेद

साहित्यास वाहिलेल्या मासिकांत टीव्हीवर खेळावयाच्या खेळांचें परीक्षण यावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु या बाबतींत आमच्या टीकाकारांपेक्षां कायदेकर्ते अधिक धीट निघाले. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यास १९८४ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें संगणकाचा कार्यक्रम साहित्यकृतीच्या व्याख्येंत घातला. आणि कॅसेटच्या पोटांत जो खेळ असतो तो अखेर असा कार्यक्रमच होय. तेव्हां अशा कृतींच्या प्रती, त्यांचे पाठ आणि त्यांचे संग्रह यांविषयीं चार शब्द लिहिण्यास येथें अडचण नसावी.

लिहिण्याचें निमित्त घरगुती आहे. दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यांतील आंबागडास बहिणीकडे जाणें झालें. तुमसर तालुक्यांतील हें गांव तेथील डोंगरी किल्ल्यामुळें ओळखलें जातें. तिचे यजमान खाणीवर नोकरीस होते. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींमुळें या भागांत महिन्याचा पगार आणि त्याबरोबर रंगीत टीव्ही हीं दोन्ही पुष्कळ घरांत लवकर पोंचलीं. टीव्हीच्या पाठोपाठ, १९९० नंतरच्या त्या दशकांत, भाच्याच्या हट्टाखातर ‘व्हिडिओ गेम’ आला. मुंजींत मिळालेल्या पैशांतून तो नागपूरच्या सीताबर्डीवर घेतला होता. त्याच्यावरील नांव बोटांनीं घांसून केव्हांच गेलें आहे. आज भाचा चाळिशी ओलांडून बसला आहे, आणि त्या निनावी यंत्राच्या कॅसेटी जमविण्याचा छंद त्याला जडला आहे. तुमसर, गोंदिया, नागपूर येथील बंद पडलेल्या दुकानांचे माळे, भंगारवाल्यांचीं पोतीं, कोणाच्या तरी लग्न होऊन गेलेल्या मुलीचा जुना खण, असे सारें त्यानें धुंडाळलें आहे. पत्र्याच्या पेटींत त्याच्या एकेचाळीस कॅसेटी आहेत आणि एक वही आहे. वहींत दोन रकाने: ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’. अस्सल तीन, नक्कल अडतीस.

“मामा, या नकली सगळ्या भंगारांत देतो. त्याचे जे येतील त्यांत थोडे घालून जपानहून एक ओरिजिनल मागवतो. तुम्ही काय म्हणता?”

मी काय म्हणतों तें तेथें नीट सांगतां आलें नाहीं, म्हणून येथें लिहितों.

प्रथम यंत्राची वंशावळ सांगितली पाहिजे. जपानांतील क्योटो येथील निन्टेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें खेळयंत्र विक्रीस आणलें. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्यानें केली. १९८५ सालीं त्याचाच अवतार अमेरिकेंत गेला, तो मात्र पेहराव आणि दांत बदलून: जपानी कॅसेटला ६० टोंकें, अमेरिकी कॅसेटला ७२. पुढें या जपानी यंत्राच्या नकला पूर्व आशियांत शेंकड्यांनीं निघाल्या आणि आपल्या गांवोगांवच्या घरांत ज्या शिरल्या त्या बहुतेक त्याच साठ टोंकांच्या घराण्यांतील होत. म्हणूनच अमेरिकेंतल्या मित्रानें प्रेमानें पाठविलेली कॅसेट भाच्याच्या यंत्रांत मधें जोडणी घातल्यावांचून शिरत नाहीं, आणि संग्राहकाची दृष्टि अखेर जपानकडे वळते.

अस्सल आणि नक्कल ओळखण्याची रीत भाच्यानें मला दाखविली. कॅसेटचें कवच उघडलें कीं अस्सल प्रतींत गोमेच्या पायांसारखे पाय असलेल्या काळ्या चौकोनी चिपा दिसतात. नकलेंत पट्टीवर थापलेला काळ्या रोगणाचा एक वाटोळा गोळा असतो. चिप बिघडली तर बदलतां येते. गोळा बिघडला कीं कॅसेट संपली. आणखी एक गोष्ट त्याच्याकडून कळली व ती ऐकून वाईट वाटलें. कॅसेट लागली नाहीं कीं तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, हा आपल्याकडील घरोघरचा मंत्र; परंतु फुंकरेंतील ओलाव्यानें टोंकें गंजतात. ज्या कॅसेटीवर आम्हीं सर्वांत अधिक प्रेम केलें तीच सर्वांत लवकर गेली असावी.

आतां नकलेचे दोष. ते झांकण्याचें मला कारण नाहीं. भाच्याच्या एका कॅसेटीवर ‘एकांत ९९९९ खेळ’ असें छापलें आहे. या यंत्रासाठीं जपानांत जे खेळ रीतसर निघाले त्यांची संख्या हजाराहून थोडी अधिक भरते. म्हणजे कॅसेटीवरील आंकडा खरा करावयाचा तर जगांतील सारे ग्रंथकर्ते अपुरे पडतील! प्रत्यक्षांत यादी उघडून खालीं खालीं जावें तों तेच सात-आठ खेळ नांवें पालटून पुन्हा पुन्हा भेटतात. तोच मारिओ एके ठिकाणीं पहिल्या मजलीपासून धांवतो, दुसऱ्या ठिकाणीं तिसऱ्या मजलीपासून, आणि प्रत्येक वेळीं त्याला नवें नांव. एकच कविता शंभर मथळ्यांखालीं छापून कोणी काव्यसंग्रह काढला तर त्या संपादकाची काय गत होईल! वेष्टणावर एखादा सिनेमांतील पहिलवान, आंत त्याचा मागमूस नाहीं. आणि याहून मोठा अपराध हा कीं खेळाच्या पहिल्या पानावरील कर्त्या कंपनीचें नांव व साल हीं बहुधा पुसून टाकलेलीं असतात. पैशाच्या चोरीपेक्षां ही चोरी मला अधिक लागते. एक अख्खी पिढी या खेळांवर वाढली आणि ते कोणीं रचले हें तिला कोणीं सांगितलेंच नाहीं.

इतकें मान्य करूनहि मी म्हणतों कीं ‘नक्कल’ हा रकाना एवढा मोठा आणि एवढा आंधळा असूं नये. ‘कॉण्ट्रा’ हाच खेळ घ्या. आपल्याकडे ज्याच्या घरीं व्हिडिओ गेम होता त्याला तो ठाऊक आहेच. कोनामी कंपनीनें तो १९८७ सालीं दुकानांतील नाणें टाकून चालणाऱ्या यंत्रासाठीं काढला आणि १९८८ सालीं घरगुती कॅसेटींत आणला. त्याच्या जपानी प्रतींत पहिल्याच मजलीवर झाडांचे शेंडे वाऱ्यानें हलतात, पुढें बर्फाच्या मजलीवर खरोखर बर्फ पडतें, दोन मजलींच्या मधें नकाशा आणि कथेचे प्रवेश येतात. यासाठीं त्या कॅसेटींत कंपनीची स्वतःची खास चिप होती. अमेरिकी प्रतींत ती चिप नाहीं. म्हणून तेथें झाडें स्तब्ध, बर्फ गोठलेलें, आणि कथेचे प्रवेश गळलेले. युरोपांत तर दोघे वीर मनुष्य म्हणून आलेच नाहींत. माणसांनीं माणसांवर गोळ्या झाडूं नयेत म्हणून त्यांचीं यंत्रमानवें केलीं आणि ग्रंथाचें नांवहि बदलून ‘प्रोबोटेक्टर’ असें ठेविलें. यांतील अस्सल कोणतें? पंडितांच्या भाषेंत सांगावयाचें तर या एका कृतीच्या तीन परंपरा झाल्या, आणि प्रत्येकीला मूळ कंपनीचीच मान्यता आहे.

चौथी परंपरा आपली. भाच्याच्या कॅसेटींत जो ‘कॉण्ट्रा’ आहे त्याला झाडांचे हलते शेंडे नाहींत. म्हणजे तो अमेरिकी पाठावरून उतरला. पण त्यांत कोणा अज्ञात लेखनिकानें एक बदल करून ठेविला आहे. मूळ खेळांत वीराला तीन प्राण. तीस हवे असतील तर बटणांचा एक गुप्त क्रम माहीत असावा लागतो. येथें आरंभींच तीस प्राण मिळतात. हा बदल क्षुल्लक नव्हे. त्यानें कृतीचा रसच पालटला आहे. तीन प्राणांचा खेळ भीतीचा आहे. तो एकट्यानें, दांत आवळून, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून खेळावयाचा. तीस प्राणांचा खेळ घरांतील सर्वांचा होतो. धाकट्या बहिणीला ‘तुझ्यानें मरणार’ म्हणून दूर सारावें लागत नाहीं, शेजारचा मुलगाहि पांच-सहा प्राण उधळूं शकतो, आणि शेवटची मजल सर्वांनीं मिळून पाहिलेली असते. टीकाकार म्हणून मला पहिलाच पाठ श्रेष्ठ वाटतो, कारण रचनेचा सारा ताण तेथें टिकतो. परंतु माझ्या बहिणीच्या ओसरीवर जो ‘कॉण्ट्रा’ घडला तो दुसरा होता.

लयीचाहि एक भेद आहे. जपानांत व अमेरिकेंत टीव्हीच्या पडद्यावर सेकंदास ६० चित्रें येत, आपल्याकडील पद्धतींत ५०. हे खेळ चित्रें मोजून पाऊल टाकतात. त्यामुळें जी चाल तेथें पांच सेकंदांत पुरी होते तिला पन्नास चित्रांच्या यंत्रावर सहा लागतात. संगीतहि तितकेंच विलंबित होतें. भाच्यानें जपानी प्रत जपानी चालीवर ऐकली तेव्हां ती त्याला घाईची व बेसूर वाटली. त्याच्या कानांत बसलेली चाल ही आपल्या पाठाची चाल होती.

महाराष्ट्राला पाठभेदांचा विचार नवा नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती जुन्या प्रती ताडून. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तिच्यांत जे श्लोक मागाहून घुसले असें ठरलें ते संपादकांनीं जाळून टाकले नाहींत. रेघेखालीं, परिशिष्टांत, कोणत्या प्रतींत काय आहे याच्या नोंदीसह ते छापले. मूळ संहिता वर, प्रक्षिप्त खालीं. पण दोन्ही एकाच ग्रंथांत. आंबागडचा किल्लाच पाहा. सुमारें १७०० सालीं देवगडच्या बख्तबुलंदाच्या सरदारानें तो बांधला, पुढें नागपूरकर भोसल्यांनीं त्याचा तुरुंग केला. तुरुंग हा ‘नकली’ भाग म्हणून कोणी इतिहासांतून काढीत नाहीं.

अस्सल जपानी कॅसेटीची मला फार काळजी वाटत नाहीं. तिला गिऱ्हाईक आहे, तिची सूची आहे, तिचें चित्र पाहून किंमत सांगणारे जाणकार आहेत. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें २०२३ सालीं पाहणी केली, तेव्हां त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत मिळत नाहींत असें आढळलें. परंतु मोजणारे कोणी होते म्हणून ती मोजदाद तरी झाली. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वयें प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास धाडावी लागते. कॅसेटीस तेथें जागा नाहीं, आणि नकली कॅसेटीस तर कोठेंच नाहीं. तीस प्राणांचा तो अज्ञात लेखनिक कोण होता, हें भाच्याच्या पेटीवांचून दुसरें कोण विचारणार?

यावर भाच्याचें उत्तरहि सांगतों, कारण तें विचार करण्याजोगें होतें. “मामा, तुम्हांला पुस्तक ठेवायला फळी पुरते. मला कॅसेटबरोबर यंत्र ठेवावं लागतं, यंत्राबरोबर जुना टीव्ही.” खरेंच आहे. बंदुकीनें बदकें टिपण्याचा जो खेळ आहे त्याची बंदूक फुगीर काचेच्या जुन्या टीव्हीसमोरच चालते. आजच्या सपाट पडद्यावर बंदूक कितीहि नेमकी धरली तरी बदक पडत नाहीं. म्हणजे या ग्रंथाची प्रत जपावयाची तर समईहि जपली पाहिजे, आणि समईस लागणारें तेलहि. ती जागा बहिणीच्या घरांत आहे, माझ्या घरांत नाहीं. तेव्हां उपदेश करण्याचा माझा अधिकार मर्यादितच.

निघावयाच्या आदल्या रात्रीं जुना टीव्ही कोठींतून काढला. बहीण स्वयंपाक आवरून आली आणि तिनें ‘रणगाड्यांचा’ लाव म्हणून सांगितलें. हा नाम्को कंपनीचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’. त्यांत विटांच्या भिंती मनाप्रमाणें रचून आपलें रणांगण आपणच बांधतां येतें. तिनें बराच वेळ घेऊन चारी बाजूंनीं विटा लावल्या, आणि मला म्हणाली, “दादा, वीज गेली की हे सगळं जातं. तेव्हाही जायचं.” नंतर वहींत तिसरा रकाना आंखला गेला: ‘पाठ’. पहिल्या ओळींत भाच्यानें लिहिलें, ‘कॉण्ट्रा, तीस प्राण, झाडें स्थिर, कंपनीचें नांव पुसलेलें, सीताबर्डी’. सतरा क्रमांकाची कॅसेट लागली नाहीं. तिच्यावर चिठ्ठीहि नाहीं. तिच्यापुढें ‘वाचतां येत नाहीं’ एवढें लिहून ती पुन्हा पेटींत ठेविली.