गीतरामायण : अनेकांचा स्वर व एकाचा स्वर

‘गीतरामायणा’ची कीर्ती आता इतकी स्थिरावली आहे, की तिचे परीक्षण करणे हे कोणास औद्धत्य वाटावे. ग. दि. माडगूळकरांना लाभलेले ‘आधुनिक वाल्मीकी’ हे अभिधान आणि सुधीर फडके यांचे गायन, या दोहोंवर ती उभी आहे. परंतु ही कीर्ती नेमकी कोणत्या कृतीची, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला दिसत नाही.

पुणे नभोवाणी केंद्रावरून सीताकांत लाड यांच्या योजकतेने १ एप्रिल १९५५ या रामनवमीस पहिले पद प्रक्षेपित झाले. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस शेवटचे. बावन्न आठवड्यांची योजना अधिक भाद्रपदामुळे छप्पन्न पदांची झाली. मराठी वाङ्मय पंचांगाचे इतके ऋणी क्वचितच असेल! या मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर असे अनेक गायक होते. बहुतेक पदे कोणा ना कोणा पात्राच्या मुखी घातलेली असल्यामुळे रचनेचा पिंड नाट्यात्म होता. भावगीताचे आत्मनिवेदन येथे परकायाप्रवेशास उपयोगी पडले, ही माडगूळकरांची खरी कमाई.

पुढे फडके यांनी सर्व पदे एकट्याने गायिली. मैफलींतून व ध्वनिमुद्रिकांतून हेच रूप घरोघरी पोहोचले, आणि समीक्षेने त्यालाच मूळ मानले. यात विपरीत काहीच नाही, असे म्हणता येईल. पहिल्याच पदात कुश-लव रामासमोर रामकथा गातात. म्हणजे सर्व पात्रांची वाणी गायकाच्याच कंठातून येणार, हे कथेच्या चौकटीतच गृहीत आहे. कीर्तनकारही याहून निराळे काय करतो? एकस्वरी गायनाने कृतीस आख्यानाची एकात्मता आली, हे मान्य करावयास हवे.

तथापि या लाभाचे मोल सीतेच्या पदांना द्यावे लागले. पंचावन्नावे पद वनात सोडलेल्या सीतेचे आहे; ती लक्ष्मणास आपल्या गतीविषयी प्रश्न करते. स्त्रीच्या कंठातून येणारा हा प्रश्न रामराज्यावरील आरोप ठरतो. मैफलीत मात्र ज्या स्वराने रामाची पदे गायिली, तोच स्वर रामाविरुद्धचे गाऱ्हाणे मांडतो. मग श्रोता आरोप विसरून करुणेत विरघळतो. भक्तिपर कीर्तीस हे सोयीचेच झाले. मुद्रित संहिता वाचणाऱ्यासही पद आठवते ते बहुधा फडके यांच्याच चालीत व स्वरात, त्यामुळे वाचनही निःपक्ष राहत नाही.

त्या प्रश्नाला माडगूळकरांनी उत्तर दिलेले नाही. भूमिप्रवेशाचा प्रसंगही त्यांनी घेतलेला नाही. लगेच पुढच्या, अखेरच्या पदात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गावयास सांगतात, आणि कथा पुन्हा पहिल्या पदाच्या दाराशी येते.