एक बटण, दोन दिवे?

सामाईक प्रमोटर समजावताना आपण सगळेच एक सोपं चित्र काढतो: बटण एक, दिवे दोन. मीही काढलंय. पण ट्रिंकलीन आणि सहकाऱ्यांचा 'जीनोम रिसर्च'मधला २००४ चा पेपर परत वाचून बघा, चित्र डळमळायला लागतं.

पेपरची ताकद त्याच्या मोजणीत आहे. माणसाच्या दहा टक्क्यांहून जास्त जनुकांना पाठीला पाठ लावून बसलेला शेजारी आहे, मध्ये हजार बेसहून कमी अंतर. मधला तुकडा ल्युसिफरेजपुढे दोन्ही दिशांनी जोडला, तर बहुतेकदा दोन्हीकडे चालतो. हे पटतं. पण हा प्रयोग प्लाझमिडवरचा आहे; तिथे गुणसूत्रातलं क्रोमॅटिन नाही, शेजारचं जनुकही नाही. शिवाय काही जोड्यांत एक चढला की दुसरा उतरतो, हे लेखकांनी स्वतःच नोंदवलंय. आपण संदर्भ देताना ते वाक्य खुशाल गाळतो!

मग २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये एकाच अंकात आलेल्या पेपरांनी दाखवलं की सस्तन प्राण्यांचे बहुतेक चालू प्रमोटर उलट्या दिशेलाही आरएनए सुरू करतात. तो फक्त टिकत नाही. म्हणजे दुहेरीपणा त्या दहा टक्क्यांची मक्तेदारी नाहीच. कुठला आरएनए पूर्ण लांबीचा होणार हे यू१ आणि पॉली-ए संकेतांवर बरंचसं ठरतं, असं शार्प यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये मांडलं. पुढे २०१५ मध्ये डटके आणि मंडळींनी वाद घातला की मूळ प्रमोटर एकाच दिशेचा असतो, उलट दिशेला आरएनए निघतो तिथे त्याचा वेगळा प्रमोटर असतो. वाद मिटलाय असं नाही, पण मला हे जास्त पटतं: बोर्ड एक, बटणं दोन.

हा शब्दांचा कीस नाही. बीआरसीए१ आणि एनबीआर२ यांच्यात जेमतेम २१८ बेस आहेत. तिथे क्रिस्परआय नेऊन बसवलं तर केआरएबी दोघांनाही दाबू शकतं, आणि पेशी मंदावल्या तर श्रेय कोणाला देणार? लांब नॉन-कोडिंग आरएनएच्या कामात हा घोळ नेहमीचा आहे. त्यामुळे असा पेपर हातात आला की मी आधी दोन गोष्टी शोधते: शेजाऱ्याची पातळी मोजलीय का, आणि दाबलेलं जनुक दुसऱ्या जागेवरून परत देऊन बघितलंय का. दोन्ही नसतील, तर पुढच्या आकृत्या कितीही देखण्या असोत, मी तिथेच थांबते.