बीजमातेच्या पलीकडे

राहीबाई पोपेरे यांच्यावरचं मराठी लेखन वाचताना एक गोष्ट खटकते. २०२० ची पद्मश्री, ‘बीजमाता’ हे बिरुद, साधी राहणी सगळं येतं. पण अकोले तालुक्यातल्या त्यांच्या बियाणे बँकेचा नियम एका ओळीत उरकतात. बी न्यायचं, पेरायचं, दुप्पट परत करायचं. मला आशा दिसते ती ह्या नियमात. आपल्या जैन घरांत अपरिग्रह म्हणजे साठा नको, एवढंच शिकवतात. इथं साठा आहे, पण वाटण्यासाठी. बायांनो, त्यांना देवी करून हात जोडले की आपण सुटतो. आपल्या वडगावचा जुना बासमती आता किती शिवारांत दिसतो? कुणाच्या कणगीत मूठभर बी असेल, तर ते मागून आणूया.