दोन स्थळे आणि एक वाचक

पुस्तक वाचायला पूर्वी तीन गोष्टी लागत: एक पुस्तक, एक चष्मा आणि घरातल्या बाकीच्या मंडळींना गुंतवून ठेवणारे दुसरे काहीतरी काम. आता त्यात चार्जरची भर पडली आहे. मी बोलतो आहे ते केवळ पुस्तके वाचण्यासाठीच जन्माला आलेल्या, वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या यंत्राबद्दल. मोबाइलबद्दल नव्हे. मोबाइलवर वाचता येत नाही असे नाही. लग्नाच्या पंगतीत बसून ध्यानही करता येते. पण मध्येच कुणीतरी जिलबी वाढतेच.

आम्ही राहतो पडेगावात. छत्रपती संभाजीनगरची छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलात की आलेच आमचे पडेगाव. इथून औरंगपुऱ्यातले पुस्तकांचे दुकान गाठायचे, तर छावणीच्या गर्दीतून वाट काढता काढता कोणते पुस्तक हवे होते तेच विसरायला होते. शिवाय हा रस्ता पुढे ज्या गावाला जातो, तिथे महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून आपली राजधानी आणली. बदलीच्या नोकरीत पुस्तकांच्या अकरा पेट्या घेऊन मराठवाडाभर हिंडलेल्या माझ्यासारख्या माणसाला ह्या तुघलकाबद्दल, इतिहासकारांना वाटत नाही एवढी सहानुभूती वाटते. अशा माणसाला कुणी सांगितले, की हजार पुस्तके एका हातात मावतात, तर तो ऐकून घेणारच.

तर अशी दोन स्थळे आमच्या घरी चालून आली. थोरले अमेरिकेचे, नाव किंडल. २००७ च्या नोव्हेंबरात ३९९ डॉलरला बाजारात आले आणि साडेपाच तासांत सगळा माल संपला. धाकटे कॅनडाचे, नाव कोबो. ‘बुक’ ह्या शब्दाची इंग्रजी अक्षरे इकडची तिकडे केली की हे नाव तयार होते. पुढे ह्याला राकुतेन नावाच्या जपानी कंपनीने दत्तक घेतले. पहिले पुण्याच्या भाच्याने आणले, दुसरे टोरांटोहून आलेल्या पुतण्याने ठेवून घ्यायला लावले.

स्थळांची चिकित्सा करणारी तज्ज्ञ व्यक्ती घरात होतीच: आमची आई, वय वर्षे एक्क्याऐंशी. मोतीबिंदू निघाले, पण आतल्या पडद्याने दगा दिला. त्यामुळे छापील पान तिला सांडलेल्या जिऱ्यासारखे दिसते. वाचून दाखवण्याचे काम नातवंडांकडे होते. नातवंडे कंटाळली की परिच्छेद गाळतात, आणि ते तिला बरोबर कळते. ‘आरं, त्या बाईच्या भावाचं काय झालं? मघाशी तर रेल्वेत होता.’ नातवाने त्याला मधल्याच स्टेशनावर उतरवलेला असे.

दोन्ही स्थळांचे कुळ मात्र एकच. पडद्यावर दिसते ती शाईच असते म्हणा ना. काचेखाली केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या आणि प्रत्येक कुपीत काळे नि पांढरे कण. विजेचा इशारा झाला की कुठे काळे वर येतात, कुठे पांढरे. एकदा जागा मिळाली की मग वीज बंद झाली तरी हलत नाहीत, एस. टी. त खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशासारखे. वीज लागते ती पान उलटताना, आणि दिवा लावला तर दिव्याला. म्हणून एकदा भरले की आठवडे न् आठवडे चालते. ज्या शहरात नळाला पाणी वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने येत आले आहे, तिथे ह्या गुणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भर उन्हात गच्चीवरसुद्धा अक्षर स्पष्ट दिसते, हे आणखी एक. पापड राखत वाचता येते.

आता फरक. पहिला फरक पान उलटण्याचा. आईने जन्मभर बोटाला थुंकी लावून पान उलटले आहे. ही सवय कागदासाठी चांगली, काचेसाठी नव्हे. ओले बोट लागताच एका यंत्राने आधी अक्षर मोठे केले, मग शब्दकोश उघडला आणि शेवटी इंग्रजीत काहीतरी विचारले. ‘हे कामून प्रश्न विचारतंय? मी काय परीक्षेला बसले का?’ आईचे म्हणणे रास्त होते. पान उलटायला बटण असावे. दाबले की कट्‌ आवाज व्हावा आणि माणसाला काम झाल्याचे समाधान मिळावे. कोबोच्या लिब्रा जातीला अशी बटणे आहेत. किंडलच्या घराण्यात ओअॅसिस नावाचा एक बटणवाला होता; २०२४ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. बटणापुरते धाकट्याला पैकीच्या पैकी.

दुसरी गोष्ट, हिशोब ठेवण्याची हौस. तुम्ही किती टक्के वाचले, प्रकरण संपायला किती मिनिटे उरली, हे दोघेही सांगतात. कादंबरीतली नायिका मृत्युशय्येवर असताना खाली ‘अजून ९ मिनिटे’ असे दिसले, की शोक करायचा की कुकर लावून यायचे, हेच कळत नाही. किंडल तर अमुक ओळ इतक्या जणांनी अधोरेखित केली, हेही कळवते. वाचनालयाच्या रहस्यकथेत पान बारावर पेन्सिलीने ‘खुनी मामा आहे’ असे लिहून ठेवणाऱ्या सज्जनांचेच हे सुधारित रूप. दोघांच्याही पोटात शिरून हे बंद करता येते. अवश्य करावे.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. किंडलचे दुकान मोठे आहे, पण त्याला आपल्याच घरचे जेवण लागते. बाकीचे जग ‘ईपब’ नावाच्या घडणीत पुस्तके करते. कोबोला ते वायरीने थेट वाढले तरी चालते. किंडलने २०२२ पासून ईपब स्वीकारायला सुरुवात केली खरी, पण ते आधी त्याच्या कंपनीकडे पाठवायचे, तिथे सोवळ्यात घेतले जाते, मग पानात पडते. आणि वाढलेले ताट परत ओढून घेतल्याचा दाखलाही आहे. २००९ च्या जुलैत गिऱ्हाइकांनी विकत घेतलेली एक कादंबरी हक्कांच्या भानगडीमुळे त्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसली गेली, पैसे परत आले. कादंबरी कोणती? ऑर्वेलची ‘१९८४’! सरकार माणसाच्या घरात कसे डोकावते, हाच तिचा विषय. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून वायरीने यंत्रात घालण्याची सोयही किंडलने काढून घेतली. पुस्तक आपले की भाड्याचे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला. शेजाऱ्याने पुस्तक मागितले तर देता येत नाही, हाही दोष म्हणायचा. परंतु माझ्या अकरा पेट्यांच्या साडेनऊ कशा झाल्या हे पाहता मी त्याला गुणांत धरतो.

चौथी आणि खरी गोष्ट म्हणजे अक्षर मोठे करणे. बाकी सगळे विसरा. बोटाने दोनदा सांगितले आणि पानावर ओळी सात उरल्या, पण त्या सातही ओळी आईला दिसल्या. दोन वर्षांनंतर तिने कुणाच्याही मदतीशिवाय एक अख्खे पान वाचले, आणि दुसऱ्यासाठी बटण दाबले. घरात कुणी काही बोलले नाही. नातू हळूच क्रिकेट बघायला निघून गेला.

इथेच खरी गोम आहे. अक्षर मोठे होते ते मजकूर वाहता असेल तर. पाण्यासारखा भांड्याप्रमाणे आकार घेणारा. किंडलच्या दुकानात डिसेंबर २०१६ मध्ये मराठीला रीतसर पाट मिळाला, तेव्हापासून अशी मराठी पुस्तके मिळतात. पण आईला हवी असलेली बरीचशी त्यात नाहीत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके फुकट खुली केली आहेत; फार मोठे पुण्याचे काम. मात्र त्यातली बरीच म्हणजे छापील पानांचे फोटो. फोटोतले अक्षर मोठे करायला जावे तर पानच मोठे होते, आणि सहा इंची खिडकीतून त्याचा एक कोपरा तेवढा दिसतो. ओळ संपेपर्यंत पान डावीकडे ओढा, नवी ओळ आली की उजवीकडे. हे वाचन नव्हे, ही मोट हाकणे झाले.

जिथे मजकूर आहे तिथेही आतून वेगळाच प्रकार. मराठी छपाईने बरीच वर्षे असे टाइप वापरले, की वरून दिसते देवनागरी आणि पोटात असतात इंग्रजी खुणा. असा मजकूर वाहता करायला जावे तर जोडाक्षरांची दाणादाण उडते. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र पाहा. संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहितात. एका तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेचा सापडेलच असे नाही. ही यंत्राची चूक नाही. अमेरिकेने आणि कॅनडाने पाने उलटायची बटणे केली. पानावरचे मराठी नीट टंकून, तपासून द्यायचे काम त्यांचे नव्हे, आपले आहे. लेखक, प्रकाशक, मंडळे, सगळ्यांचे.

तेव्हा निकाल असा: इंग्रजी भरपूर वाचणार असाल आणि दुकानाची सोय हवी असेल तर थोरला, आपली पुस्तके आपल्या हाताने भरायची असतील आणि घरात म्हातारे बोट असेल तर बटणवाला धाकटा. आमच्या घरचा निकाल आईने परस्पर लावला. ‘यंत्र कोणतंही चालतंय रे. मोठ्या अक्षरातली मराठी पुस्तकं वाचून झाली माझी. पुढची कधी येणार, ते विचार की कुणाला तरी.’

म्हणून विचारतो आहे.