शुसाकु एन्दो यांच्या 'चिन्मोकु' कादंबरीतील तरुण मिशनरी : निवेदनतंत्र व सत्तासंबंध यांचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

स्वदेश, स्वभाषा आणि आप्तस्वकीय यांचा त्याग करून परक्या भूमीत धर्मप्रसारासाठी जाणारा तरुण मिशनरी ही जागतिक साहित्यातील एक परिचित व्यक्तिरेखा आहे. चरित्रग्रंथांतून तिचे चित्रण बहुधा गौरवपर झालेले दिसते, तर वसाहतवादाच्या समीक्षेतून ती साम्राज्याची दूत म्हणून संशयास्पद ठरते. या दोन्ही भूमिका एकांगी आहेत. त्यांच्या पलीकडे जाऊन या व्यक्तिरेखेच्या अंतरंगाचा शोध घेणारी महत्त्वाची साहित्यकृती म्हणून जपानी कादंबरीकार शुसाकु एन्दो (१९२३-१९९६) यांच्या 'चिन्मोकु' म्हणजेच 'मौन' या कादंबरीचा निर्देश करावा लागतो. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीस त्याच वर्षी जपानमधील प्रतिष्ठेचा तानिझाकी पुरस्कार मिळाला. विल्यम जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती जगभर पोहोचली. हे अनुवादक स्वतः जपानमध्ये वास्तव्य केलेले आयरिश जेझुइट होते, ही बाबही लक्षणीय होय. प्रस्तुत लेखात या कादंबरीतील तरुण मिशनऱ्याच्या चित्रणाचा विचार निवेदनतंत्र आणि सत्तासंबंध या दोन अंगांनी करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमा येथे उतरले आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारास प्रारंभ झाला. त्यांच्याबरोबर असलेला अंजिरो हा जपानी गृहस्थ गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकला होता. जपानमधील मिशनकार्याचे गोव्याशी असलेले नाते असे प्रारंभापासूनचे आहे. पुढे हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांच्या हद्दपारीचा आदेश काढला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती व्यक्तींना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांपैकी गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले होते. बालवयात जेझुइटांबरोबर जपानला गेलेले, काही काळ व्यापार करून पुढे फ्रान्सिस्कन बंधू झालेले गार्सिया जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे दुभाषी म्हणून कार्य करीत होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली. १६३७-३८ मधील शिमाबाराच्या उठावानंतर हा छळ अधिक तीव्र झाला. तत्पूर्वी १६३३ मध्ये ज्येष्ठ पोर्तुगीज जेझुइट क्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी खड्ड्यात उलटे टांगण्याच्या छळाखाली धर्मत्याग केला होता. या वार्तेने युरोपातील धर्मसंघ हादरून गेला. फेरेरा यांच्यानंतर जपानमध्ये गेलेल्यांत जुझेप्पे किआरा हे सिसिलीतील जेझुइट होते. ते १६४३ मध्ये जपानमध्ये उतरले, पकडले गेले, छळाखाली नमले आणि जपानी नाव धारण करून १६८५ मध्ये एदो येथील नजरकैदेत मरण पावले. एन्दो यांचा नायक सेबास्तियाव रॉद्रिगिश हा किआरा यांच्यावरून घडविलेला आहे.

मात्र एन्दो यांनी इतिहासाशी जाणीवपूर्वक स्वातंत्र्य घेतले आहे. १६०६ मध्ये निधन पावलेले व्हालिन्यानो कादंबरीत सुमारे तीन दशकांनंतर मकाव येथे रॉद्रिगिशला भेटतात. स्थानिक आचारविचारांशी जुळवून घेण्याचे धोरण जपानमध्ये रुजविणारी ही व्यक्ती तरुण मिशनऱ्याच्या प्रयाणसमयी उपस्थित असणे एन्दो यांना कथानकाच्या दृष्टीने आवश्यक वाटले असावे. त्यामुळे या कादंबरीचे वाचन ऐतिहासिक साधन म्हणून न करता इतिहासाच्या आधारे मांडलेले नैतिक चिंतन म्हणून करणे उचित ठरते.

निवेदनतंत्र : 'मी'पासून 'तो'पर्यंत :

कादंबरीच्या रचनेत एक सूक्ष्म क्रम आढळतो. प्रस्तावनेनंतरची पहिली चार प्रकरणे रॉद्रिगिशने लिहिलेल्या पत्रांच्या स्वरूपात आहेत. पकडला गेल्यावर त्याची पत्रे थांबतात आणि निवेदन तृतीयपुरुषी होते. उत्तरार्धात देजिमा येथील एका डच कारकुनाच्या रोजनिशीतील नोंदी येतात आणि शेवटी ख्रिस्ती कैद्यांच्या निवासावरील अधिकाऱ्याची दैनंदिनी परिशिष्टरूपाने जोडलेली आहे. म्हणजेच प्रारंभी स्वतःची कथा स्वतः सांगणारा तरुण अखेरीस सरकारी दप्तरातील एक नोंद होऊन उरतो. त्याचे नावही ओकादा सान्एमोन असे बदललेले असते. शीर्षकातील 'मौन' हे परमेश्वराचे मौन आहे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु रचनेच्या पातळीवर पाहिल्यास मिशनऱ्याचा आवाज क्रमाक्रमाने मौन होत जाणे हाही या शीर्षकाचा तितकाच महत्त्वाचा अर्थ होय.

पत्रात्मक भागातील रॉद्रिगिश तिशीही न गाठलेला आहे. आपले गुरू फेरेरा धर्मत्याग करतील यावर त्याचा आणि सहकारी गार्पे याचा विश्वास बसत नाही. ते या प्रवासाला निघतात ते सत्य जाणण्यासाठी आणि पाद्र्यांविना राहिलेल्या श्रद्धावंतांसाठी. परंतु पत्रांचे काळजीपूर्वक वाचन केल्यास या सेवाभावात मिसळलेली आत्मप्रतिमेची ओढही दिसून येते. रॉद्रिगिश ख्रिस्ताच्या मुखाचे वारंवार चिंतन करतो आणि स्वतःच्या प्रवासात ख्रिस्ताच्या दुःखभोगाच्या खुणा शोधतो. दुबळा, मद्यपी, पुनःपुन्हा घसरणारा किचिजिरो त्याच्या दृष्टीने यहूदा ठरतो. हौतात्म्य हे त्याला तेजोमय दृश्य वाटते.

या कल्पनेला पहिला तडा तोमोगी गावात जातो. मोकिची आणि इचिझो या शेतकऱ्यांना समुद्रातील खांबांना बांधण्यात येते आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात ते हळूहळू मरतात. त्या मृत्यूत तेज नसते. समुद्र पूर्ववत उसळत राहतो. पुढे चटयांत गुंडाळून पाण्यात लोटलेल्या शेतकऱ्यांमागे गार्पे स्वतः समुद्रात झेप घेतो व बुडतो. रॉद्रिगिश हे सर्व किनाऱ्यावरून पाहतो. हौतात्म्य स्वीकारण्याची त्याची तयारी असते, मात्र इतरांच्या मरणाचा साक्षीदार होण्याची तयारी त्याने कधीच केलेली नसते.

कोठडीतील रात्र हा कादंबरीचा परमोत्कर्ष होय. अंधारात येणारा आवाज पहारेकऱ्यांच्या घोरण्याचा असावा असे रॉद्रिगिशला वाटते आणि त्याला त्याची चीड येते. तो आवाज खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे, हे त्याला फेरेरा सांगतात. त्या शेतकऱ्यांनी धर्मत्याग कधीच केलेला असतो. त्यांची सुटका आता पाद्र्याच्या निर्णयावर अवलंबून असते. यातना आणि निद्रा यांतील भेदही न ओळखणारा कान हे परक्या देशातील सेवाकार्याच्या मर्यादेचे अत्यंत भेदक प्रतीक आहे. सेवक ज्यांच्यासाठी आला, त्यांचाच आवाज त्याला ओळखता आला नाही.

फुमि-ए म्हणजे ख्रिस्ताची प्रतिमा पायाने तुडविण्याच्या प्रसंगी प्रतिमेतील मुखच आपल्याला अनुज्ञा देत आहे, असे रॉद्रिगिशला जाणवते. हा आवाज परमेश्वराचा की थकलेल्या मनाचा, याचा निर्णय एन्दो देत नाहीत. एक मात्र निश्चित आहे. ज्या मुखाचे त्याने तेजस्वी म्हणून ध्यान केले होते, ते येथे असंख्य पायांनी झिजलेले आहे.

'दलदली'चा सिद्धांत :

कादंबरीतील वैचारिक संघर्ष फेरेरा आणि अधिकारी इनोउए यांच्या मुखी असलेल्या एका रूपकाभोवती फिरतो. जपान ही दलदल असून येथे लावलेल्या रोपाची मुळे कुजतात आणि जपानी लोकांनी पूजिलेला देव हा ख्रिस्ती देव नव्हताच, असा त्याचा आशय. यास ऐतिहासिक आधारही आहे. झेवियर यांनी प्रारंभी परमेश्वरासाठी 'दाइनिची' हा बौद्ध परंपरेतील शब्द योजिला होता आणि चूक ध्यानी आल्यावर तो सोडून दिला.

अनेक वाचक या रूपकास लेखकाचे मत मानतात. एन्दो यांच्या चरित्रामुळे या समजाला बळ मिळते. बालपणी आईच्या प्रभावाने बाप्तिस्मा घेतलेल्या एन्दो यांनी आपल्या धर्माला अंगाला नीट न बसणाऱ्या पाश्चात्त्य पोशाखाची उपमा दिली होती. १९५० ते १९५३ या काळात ते फ्रान्समध्ये शिकत होते. परक्या देशातील तरुण ख्रिस्ती माणसाचे एकाकीपण त्यांनी उलट दिशेने अनुभवले होते. तरीही दलदलीचे रूपक हे छळ करणाऱ्या सत्तेचे आणि तिच्यापुढे नमलेल्या माणसाचे प्रतिपादन आहे, हे विसरता येत नाही. जी भूमी आपण कुजवीत आहोत, तिच्यावरच रोप कुजण्याचा दोष ठेवणे, ही सत्तेची जुनी युक्ती होय.

इतिहासानेही या रूपकास अंशतः छेद दिला आहे. बंदीनंतर दोनशेहून अधिक वर्षे पाद्र्यांविना टिकून राहिलेले गुप्त ख्रिस्ती १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये प्रकट झाले. बंदी १८७३ मध्ये उठली. या समूहाशी निगडित स्थळांचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांच्या श्रद्धेचे रूप बदलले होते, हे खरे. परंतु बदलणे म्हणजे कुजणे नव्हे. रोप नव्या मातीत वेगळ्या आकाराने वाढले, असेही म्हणता येते.

सत्तासंबंधांचा प्रश्न :

रॉद्रिगिश ज्या मार्गाने जपानला जातो, त्या मार्गावर गोवा आहे. कादंबरीत गोवा हा केवळ वाटेवरील मुक्काम आहे. मराठी वाचकाला मात्र तेथे थबकावे लागते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत कार्य केले आणि 'क्रिस्तपुराण' (१६१६) मराठी ओवीत रचले. लोकांची भाषा व काव्यरूप आत्मसात करणाऱ्या मिशनऱ्याचे ते उत्तम उदाहरण होय. परंतु त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज राजसत्ता होती आणि त्या सत्तेने साष्टीतील देवळे उद्ध्वस्त केली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे झालेली पाच जेझुइटांची हत्या याच संघर्षातून घडली. रॉद्रिगिशसमोर मात्र राजसत्ता शत्रू म्हणून उभी आहे. एकाच संघाचे दोन तरुण, एकच प्रेरणा, परंतु एकाच्या मागे सत्ता आणि दुसऱ्याच्या पुढे सत्ता. नागासाकीत मूर्ती तुडविण्याची सक्ती आणि साष्टीत देवळे पाडण्याचा हुकूम या दोन्ही घटना एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय मिशनऱ्याच्या नैतिक स्थानाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

एन्दो यांना या प्रश्नाची जाणीव नाही असे नाही. इनोउए चार स्त्रियांच्या मत्सराची कथा सांगून स्पेन, पोर्तुगाल, हॉलंड व इंग्लंड यांच्या व्यापारी स्पर्धेकडे बोट दाखवितो. पाद्र्यांच्या विद्यालयात शिकलेला दुभाषी काब्राल या मिशनप्रमुखाने जपानी लोकांना दिलेल्या तुच्छतेच्या वागणुकीची आठवण कडवटपणे सांगतो. तथापि हा धागा पुढे विकसित होत नाही. कादंबरी पुनःपुन्हा रॉद्रिगिशच्या अंतर्द्वंद्वाकडे वळते. त्यामुळे शेतकरी मरतात, परंतु बोलत मात्र फार थोडे. त्यांच्या यातना पाद्र्याच्या आत्मशोधाचे साधन बनतात, हा या कादंबरीवरील गंभीर आक्षेप म्हणून नोंदवावा लागतो.

परिशिष्टाचे महत्त्व :

या आक्षेपास काही अंशी उत्तर परिशिष्टात मिळते. अधिकाऱ्याच्या रुक्ष दैनंदिनीत अशी नोंद येते की, ओकादा सान्एमोनच्या सेवेत असलेल्या किचिजिरोच्या गळ्यातील ताइताच्या पिशवीत ख्रिस्ती प्रतिमा सापडली. ज्याला यहूदा मानले, तोच अखेरपर्यंत पाद्र्याजवळ राहिला आणि धोका पत्करून श्रद्धेची खूण बाळगीत राहिला. तत्पूर्वी धर्मत्यागी रॉद्रिगिशने त्याचे पापनिवेदन ऐकलेले असते. सर्व अधिकार गमावल्यावर घडलेली ही सेवा पूर्वीच्या कोणत्याही सेवेपेक्षा खरी वाटते, कारण तीत सेवक आणि सेव्य यांत उच्चनीच भाव उरलेला नाही.

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६ मधील चित्रपटात दहनसमयी रॉद्रिगिशच्या हातात लहानसा क्रूस दाखविला आहे. प्रेक्षकाला तो दिलासा देतो, परंतु कादंबरीने खुला ठेवलेला प्रश्न मिटवूनही टाकतो. कादंबरीत अखेरची खूण पाद्र्याच्या हाती नसून त्याच्या सेवकाच्या गळ्यात आहे. हा भेद सूक्ष्म असला तरी अर्थाच्या दृष्टीने निर्णायक आहे.

निष्कर्ष :

१. 'चिन्मोकु' तरुण मिशनऱ्याला नायक किंवा खलनायक न ठरविता, त्याच्या सेवाभावात दडलेल्या आत्मगौरवाचे प्रांजळ विश्लेषण करते.

२. प्रथमपुरुषी पत्रांपासून सरकारी दैनंदिनीपर्यंतचा निवेदनाचा प्रवास हाच कादंबरीचा आशय आहे. निवेदनतंत्र व आशय येथे विलग करता येत नाहीत.

३. 'दलदली'चे रूपक लेखकाचे अंतिम मत मानणे योग्य नाही. ते सत्तेच्या मुखी ठेवलेले विधान असून १८६५ नंतरच्या इतिहासाने त्यास मर्यादा घातली आहे.

४. स्थानिक श्रद्धावंतांना पुरेसा आवाज न मिळणे ही कादंबरीची मर्यादा होय. वसईच्या गोन्सालो गार्सिया यांच्यासारखे, युरोपाबाहेर जन्मून दुसऱ्या परक्या भूमीत दुभाषी झालेले सेवक या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा इतिहास मांडला जाणे आवश्यक आहे.

५. परक्या देशातील सेवेची कसोटी सेवकाच्या त्यागाच्या मोजमापात नसून, ज्यांच्यासाठी तो गेला त्यांचा आवाज त्याला ओळखता आला की नाही यात आहे. कोठडीतील त्या रात्रीचा हा बोध धर्मकार्यापुरता मर्यादित नाही. अध्यापन, समाजकार्य आणि संशोधन या क्षेत्रांनाही तो तितकाच लागू पडतो.