ॲनी डिफ्रँकोची गीतरचना आणि स्वायत्ततेचा प्रश्न

भारतीय संगीतशास्त्रात शब्द आणि स्वर या दोहोंचे कर्तृत्व ज्याच्याकडे असते त्याला वाग्गेयकार म्हटले आहे. अमेरिकेतील ॲनी डिफ्रँको हिने या दोहोंना तिसऱ्या कर्तृत्वाची जोड दिली. ‘रायचस बेब’ ही स्वतःची संस्था काढून गीतांचे ध्वनिमुद्रण आणि प्रसारणही तिने आपल्याच हाती ठेवले. तिच्यावरील बहुतेक लेखनाचे लक्ष या तिसऱ्या गोष्टीवरच खिळलेले दिसते. १९९७ मध्ये ‘मिझ’ या स्त्रीवादी नियतकालिकाने तिचा गौरव करताना तिच्या प्राप्तीला महत्त्व दिले, तेव्हा तिने जाहीर पत्र लिहून आपली नाराजी प्रकट केली. हा आक्षेप निव्वळ विनयाचा नव्हे. कलावंताचे स्वातंत्र्य हिशेबाच्या वहीत मोजायचे की त्याच्या रचनेत, हा त्यामागील खरा प्रश्न आहे. आणि समीक्षेने त्याला अद्याप पुरेसा न्याय दिलेला नाही.

डिफ्रँकोचा जन्म १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या औद्योगिक शहरात झाला. नवव्या वर्षीच ती मायकेल मेलड्रम या स्थानिक लोकगायकाच्या सहवासात आली आणि त्याच्याबरोबर मद्यगृहांतून बीटल्सची गीते गाऊ लागली. पंधराव्या वर्षी ती कायद्याने स्वतंत्र होऊन एकटी राहू लागली. पुढे न्यूयॉर्क शहरात सेकू संडियाटा या कवीकडे तिने काव्याचे अध्ययन केले. कविता ही मोठ्याने उच्चारावयाची वस्तू आहे, असे मानणाऱ्या परंपरेतील हा कवी. डिफ्रँकोच्या पदांत बोलण्याची लय गाण्याच्या लयीला वारंवार का छेद देते, याचा उलगडा या शिक्षणावरून बराचसा होतो.

१९९० च्या पहिल्या ध्वनिफितीत तिचा आवाज व गिटार यांवाचून दुसरे काहीही नाही. परंतु हे गिटारवादन साथीच्या स्वरूपाचे नाही. बोटांना कृत्रिम नखे लावून, ती चिकटपट्टीने घट्ट बांधून ती तारा छेडते. मध्येच तळहाताने त्या दाबून नाद तोडते. तारांची जुळणीही गीतागणिक बदलते. त्यामुळे एकाच वाद्यातून स्वर आणि ताल दोन्ही निघतात. गोंगाटाच्या मद्यगृहात एकट्या मुलीने श्रोत्यांचे लक्ष वेधून घ्यावयाचे, तर असेच वाजविणे भाग होते, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे जी शैली पुढे तिची ओळख ठरली, तिचे मूळ सिद्धांतात नसून गरजेत आहे. १९९५ च्या ‘नॉट अ प्रिटी गर्ल’ या संग्रहात ही शैली परिपक्व झाली. एखाद्या मोठ्या कंपनीच्या निर्मात्याने हा खडबडीतपणा बहुधा घासूनपुसून काढला असता. स्वायत्ततेचा खरा लाभ येथे, नादाच्या पोतात, ऐकू येतो.

१९९६ मध्ये युटा फिलिप्स या वयोवृद्ध कामगारगायकाच्या कार्यक्रमांतील कथनांच्या फिती घेऊन तिने त्यांना आधुनिक तालाची बैठक दिली. फिलिप्सचे बोलणे तिने कोठेही झाकले नाही. त्यातील विरामांनाच तालाच्या जागा केल्या. लोकसंगीताचा वारसा म्हणजे जुन्या चालींची उजळणी नव्हे, हे या प्रयोगाइतके क्वचितच कोणी स्पष्ट केले असेल.

पण लाभाला दुसरी बाजूही आहे. नकार देणारा कोणी नसला म्हणजे निवडीचा सारा भार कलावंतावरच पडतो. नव्वदीच्या दशकात जवळजवळ दरवर्षी एक याप्रमाणे तिचे संग्रह निघाले. १९९७ चा ‘लिव्हिंग इन क्लिप’ हा प्रत्यक्ष मैफलींतून मुद्रित केलेला संग्रह त्यांतील सर्वोत्तम होय, कारण तेथे श्रोत्यांची दाद हीच चाळणी ठरली. उलट २००१ च्या ‘रेव्हेलिंग / रेकनिंग’ या जोडसंग्रहात उत्तम गीतांच्या शेजारी केवळ टिपणवजा रचना बसल्या आहेत. वाद्यवृंद वाढला, मात्र आशयाची घनता त्या प्रमाणात वाढली नाही. चाहत्यांना हे मत कठोर वाटेल.

तिलाही ही उणीव जाणवली असावी. २००५ च्या ‘नकल डाउन’ची निर्मिती तिने जो हेन्री याच्याबरोबर केली. त्याच वर्षी हाताच्या स्नायुबंधांच्या दुखण्यामुळे तिला दौरे थांबवावे लागले; ज्या हातावर ही शैली उभी होती, तोच हात थकला. २०२४ च्या संग्रहासाठी तर तिने बी. जे. बर्टन या तरुण निर्मात्याला जवळ केले. दरम्यान तिच्या संस्थेने इतर गीतकारांनाही आसरा दिला. ॲनाइस मिचेल हिचा ‘हेड्सटाउन’ हा कथागीतसंग्रह २०१० मध्ये तेथूनच निघाला आणि त्यात पर्सेफनीची गीते डिफ्रँकोने गायिली. २०१९ मध्ये या संग्रहाचे संगीतनाटक ब्रॉडवेवर पोहोचले, आणि २०२४ मध्ये तीच भूमिका करण्यासाठी ती स्वतः त्या रंगमंचावर उभी राहिली : दुसरीने रचलेली पदे, दुसऱ्याच्या दिग्दर्शनाखाली गात.