ई-स्टोरचे धारित्र आणि संशयाची रीत

टेक्सासमधील सीडर पार्क येथील ‘ई-स्टोर’ या कंपनीला २००६ साली एक अमेरिकन पेटंट मिळाले. विद्युत्-रासायनिक घटमालेची जागा सिरॅमिक धारित्राने घ्यावी, हा त्याचा विषय. त्यातील संचाचे आकडे असे : धारिता सुमारे ३१ फॅरड, विभव ३,५०० व्होल्ट, साठविलेली ऊर्जा ५२ किलोवॉट-तास, वजन ३३६ पौंड, आकारमान २,००५ घनइंच, म्हणजे जेमतेम ३३ लिटर. क्लायनर पर्किन्स ही गुंतवणूकदार संस्था २००५ मध्येच पाठीशी उभी राहिली होती. २००८ मध्ये लॉकहीड मार्टिनने करार केला. टोरोंटोच्या झेन मोटर कंपनीने याच संचावर ४०० किलोमीटर धावणारी मोटार जाहीर केली. ती मोटार कधीच आली नाही.

संशय घेणारे प्रारंभापासून पुष्कळ होते. परंतु त्यांतील बहुतेकांचा आक्षेप नमुना दाखविला जात नाही, मुदती टळतात, कारभार गुप्ततेने चालतो, असा होता. अशा संशयाला भौतिकीय म्हणता येत नाही. तो माणसांच्या वर्तनाविषयीचा आहे. १८८३ मध्ये एडिसननेही संचायक घटमालेची संभावना भागभांडवल उभारणाऱ्यांची लबाडी अशीच केली होती. घटमाला टिकली, आणि पुढे लोह-निकेल घटासाठी खुद्द एडिसनने कित्येक वर्षे खर्ची घातली!

वस्तुतः ई-स्टोरच्या बाबतीत नमुन्याची वाट पाहण्याचे कारणच नव्हते. पेटंटातील आकडे परस्परांशी जुळतात : अर्धी धारिता गुणिले विभवाचा वर्ग, हे गणित बरोबर ५२ किलोवॉट-तास देते. चूक अंकगणितात नसून त्यामागील गृहीतात आहे. बेरियम टिटॅनेटचा विद्युत् अपारक स्थिरांक सुमारे १८,५०० धरला आहे. सुधारित बेरियम टिटॅनेटमध्ये क्षीण क्षेत्रात असा स्थिरांक अशक्य नाही. परंतु संपूर्ण ३३ लिटर या पदार्थाने भरले असे उदारपणे मानले, तरी सांगितलेली ऊर्जा साठविण्यास दर मायक्रोमीटरला सुमारे २६० व्होल्टचे क्षेत्र लागते. आणि त्या क्षेत्रातही स्थिरांक तसूभरही घटू नये, अशी अपेक्षा आहे.

या अपेक्षेचा अर्थ स्फटिकाच्या भाषेत मांडून पाहावा. स्थिरांक आणि क्षेत्र यांवरून ध्रुवण दर चौरस मीटरला सुमारे ४३ कूलंब येते. बेरियम टिटॅनेटचे स्वयंस्फूर्त ध्रुवण ०.२६ कूलंबच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे १६० पटींचा फरक. एकक कोशिकेची बाजू ०.४ नॅनोमीटर, टिटॅनियम आयनावर रूढ हिशेबाने चार एकक भार धरला आणि सारे ध्रुवण त्याच्या सरकण्यातून येते असे मानले, तर त्याला आपल्या जागेवरून चार नॅनोमीटरांहून अधिक, म्हणजे सुमारे दहा कोशिका ओलांडून जावे लागेल. प्रत्यक्षात हे विस्थापन नॅनोमीटरच्या शतांशाच्या घरात असते. दहा कोशिका ओलांडल्यावर स्फटिक स्फटिक राहत नाही. आयनावरील परिणामी भार दुप्पट मानल्यानेही निष्कर्ष बदलत नाही. ध्रुवण संपृक्त होते हे मान्य केले, तर एवढे क्षेत्र पदार्थाने सोसले तरीही संचात एखाद-दुसरा किलोवॉट-तासच मावेल.

हे सारे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला एका कागदावर करता येण्याजोगे आहे. तरीही २००९ मध्ये चूर्णाच्या स्थिरांकाचे मापन समाधानकारक झाल्याची घोषणा होताच झेनने गुंतवणूक वाढविली. प्रश्न स्थिरांक किती, हा नव्हताच. कोणत्या क्षेत्रात किती, हा होता. बाजारातील सामान्य बहुस्तरीय सिरॅमिक धारित्रही विभव वाढताच आपली बरीचशी धारिता गमावते, आणि ही गोष्ट त्याच्या माहितीपत्रकात आलेखासह छापलेली असते. पेटंट मिळाले हाही पुरावा नव्हे. पेटंट कार्यालय कल्पनेचे नावीन्य पाहते, संच बांधून त्यातील ऊर्जा मोजत नाही.

झेनचे मोटार-उत्पादन २०१० मध्ये थांबले. २०१५ मध्ये त्याच कंपनीने ‘ई-स्टोर कॉर्पोरेशन’ हे नाव धारण केले, आणि वाट पाहणाऱ्यांचा एक वर्ग त्यानंतरही पुढील चाचणीच्या अहवालाकडे डोळे लावून बसला होता.